टोकाला दोन ग्रॅम

लाँग पाईक तलावाच्या काठच्या शेंबड्या पोराला जरी विचारलं असतं, की बाबा रे, बर्फावर पळणाऱ्या मोटर-स्लेडचा क्लच कुणाकडे न्यायचा, तर त्यानं नाक पुसत कार्वाक्कोंच्या घराकडे बोट दाखवलं असतं. रायनो कार्वाक्को. दुसरं नाव कुणाच्या तोंडी यायचंच नाही. क्लबाच्या भिंतीवर एक लाकडी फळा आहे. त्यावर दर हिवाळ्यात सगळ्यांत वेगवान ठरलेल्या स्लेडची एक ओळ रंगवतात: साल, चालवणारा, वेग, आणि शेवटच्या रकान्यात क्लच लावणारा. सव्वीस ओळी झाल्या. चालवणारे बदलले; एक बुडाला, एक दारू सोडून चर्चमध्ये उपदेश करायला लागला. शेवटचा रकाना मात्र वरपासून खालपर्यंत एकाच नावाचा. रायनो, रायनो, रायनो.

त्या फळ्यावर नॉर्बर्ट सिप्पोलाच्या चार ओळी होत्या. नॉर्बर्ट म्हणजे तालुक्याच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलणारा मोठा ट्रक चालवतो तो; एक्कावन्न वर्षांचा, मान नसलेला, बोलण्याआधी दोनदा खाकरणारा. जगात त्याला एकच गोष्ट हवी होती. शंभर. ताशी शंभर मैल. गोठलेल्या तलावावर हजार फूट सरळ पळायचं आणि शेवटी वेग मोजणाऱ्या रडारच्या डब्यावर तीन आकडे दिसायचे, बस. साध्या सहाशे सीसीच्या वर्गात आजवर ते कुणालाच जमलं नव्हतं. या वर्गात इंजिन कारखान्यातून आलं तसंच ठेवावं लागतं, त्याला बोट लावायचं नाही. हात घालायचा तो क्लचमध्ये. नॉर्बर्ट अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहावर जाऊन अडकला होता, आणि शर्यतीत त्या सहाच्या पुढं अकरा वर्षं सरकला नव्हता.

आता क्लच म्हणजे काय, तर समोरासमोर दोन तबकड्या आणि त्यांच्यामध्ये रबरी पट्टा. तबकडीच्या मागे तीन वजनी पाकळ्या, प्रत्येक साधारण बासष्ट ग्रॅमची. इंजिन फिरलं की या पाकळ्या गोफणीतल्या दगडासारख्या बाहेर झेपावतात, तबकड्यांना आवळतात आणि पट्टा वर वर काठाकडे चढतो. पट्टा जितका वर, तितका वेग. सांगायला एवढंच आहे. पण पाकळी हलकी झाली तर इंजिन नुसतंच किंचाळतं, जड झाली तर दम कोंडून रडतं, आणि या दोहोंच्या मधली जागा माणसाच्या केसाएवढी. ती जागा रायनोला दिसते, असं सगळा गाव म्हणायचा.

यंदा रायनो अंथरुणाला खिळला होता. जानेवारीच्या शेवटी सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवरून घसरला, खुबा मोडला, आणि डॉक्टरांनी त्यात धातूचा सांधा बसवला. नॉर्बर्टचा क्लच त्याच्या आधीच लागला होता. तेव्हा टोपी काढून फिरावं अशी उबदार हवा होती, आणि त्या हवेत सरावाला स्लेड नव्व्याण्णववर गेली होती. नॉर्बर्ट खूश. शर्यतीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, तो धुरावलेला मासा कागदात गुंडाळून म्हाताऱ्याला बघायला गेला.

दार वाजवायची तिथं पद्धत नाही. तो बूट झटकून थेट स्वयंपाकघरात शिरला, आणि थबकला.

टेबलावर वेलदोड्याचा पाव अर्धा कापून ठेवलेला. त्याच्या शेजारी क्लचच्या तीन पाकळ्या. आणि लेम्पी कार्वाक्को, रायनोची बायको, चष्मा कपाळावर चढवून, एक पाकळी डाव्या तळव्यावर आणि एक उजव्या तळव्यावर घेऊन डोळे मिटून बसलेली. प्रार्थनेला बसावं तशी.

"बूट," ती डोळे न उघडता म्हणाली.

"झटकलेत, लेम्पीबाई."

"झटकलेत म्हणे. काढ."

नॉर्बर्टनं बूट काढले. लेम्पीनं डोळे उघडले आणि उजव्या हातातली पाकळी पुढं केली. "ही एक ग्रॅमनं जास्त आहे. घाल बघू काट्यावर."

काटा टेबलावरच होता, छोटा, पत्रं तोलायचा. नॉर्बर्टनं एक ठेवली: बासष्ट पूर्णांक एक. दुसरी ठेवली: त्रेसष्ट पूर्णांक दोन. त्यानं दोन्ही उचलल्या, पाठीमागे नेऊन अदलाबदल केली आणि मुठी पुढं केल्या, अगदी लहान पोरासारख्या. लेम्पीनं दोन्ही हातांवर घेतल्या आणि दम खायच्या आत जड पाकळी त्याच्या पोटावर टेकवली.

"एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसले मी. पाकीट हातात आलं की कळायचं, एका तिकिटात जातंय की नाही. लोक भांडायचे. मग मी काट्यावर घालून दाखवायचे. मग लोक गप्प बसायचे." तिनं कानस उचलली. "तू कशाला उभा? पाव घे."

नॉर्बर्टनं पाव घेतला नाही. त्याची नजर भिंतीवर गेली होती. तिथं कॅलेंडरं लटकत होती, पशुखाद्याच्या दुकानानं फुकट वाटलेली, खिळ्यावर एकावर एक अशी कित्येक वर्षांची. वरच्या कॅलेंडरात हिवाळ्याच्या प्रत्येक चौकोनात बारीक पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं होतं: किती थंडी, वारा कुठून, कुणाची स्लेड, पाकळीच्या मुळाशी किती, टोकाला किती. अक्षर गोल, पोस्टातलं. एकाच हाताचं.

नॉर्बर्ट दोनदा खाकरला. "हे... रायनो सांगतो आणि तुम्ही लिहून घेता ना?"

आतल्या खोलीतून खाट करकरली. "काय गं," रायनोचा आवाज आला, "सांगितलंस का त्याला?"

"नाही."

"मग मी सांगू?"

"तू गप पड. हलायचं नाही म्हणून सांगितलंय तुला."

"जिभेला नाही सांगितलं डॉक्टरनं. नॉर्बर्ट, आत ये."

नॉर्बर्ट मोज्यांवर आत गेला. रायनोनं उशीवरून उजवा हात वर केला. अंगठ्याजवळची दोन बोटं पांढरी, मेणासारखी. "ही दोन बोटं लाकडाच्या गिरणीत चेंगरली, ते आठवतंय तुला? तेव्हापासून यांना बर्फ आणि विस्तव सारखाच. फळ्यावरच्या पहिल्या सात ओळी माझ्या. पुढच्या एकोणीस तिच्या."

"पण तलावावर तर तूच..."

"मी पाना फिरवायचो. किती आणि कुठं, ते ती सांगायची."

नॉर्बर्टला ते चित्र लख्ख आठवलं. दरवर्षी तेच. रायनो स्लेडवर वाकलेला, आणि पाठीमागे थर्मास काखोटीला मारून उभी असलेली त्याची बायको, त्याच्या कानाशी लागून फिनलंडहून आलेल्या आजोबा-पणजोबांच्या फिनिश भाषेत काहीतरी पुटपुटणारी. सगळे पुरुष एकमेकांना कोपरानं ढोसायचे: घ्या, सुरू झाली कटकट!

"आम्हाला वाटायचं, तुम्ही त्याला टोपी घाल म्हणून सांगताय," तो दाराकडे वळून म्हणाला.

"तेही सांगायचे," लेम्पी बाहेरून म्हणाली. "ते ऐकायचा नाही तो."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस रे?" नॉर्बर्टनं विचारलं.

रायनो छताकडे बघत म्हणाला, "पहिल्या वर्षी लाज वाटली. दुसऱ्या वर्षी कुणी विचारलं नाही. मग सवय झाली. फुकटचं कौतुक लई गोड लागतं, नॉर्बर्ट. कॉफीसारखं. एक कप, एक कप म्हणता म्हणता माणूस किटली रिकामी करतो."

बाहेर लेम्पीची कानस तेवढी जरा जोरात चालली.

जाताना ती दारापर्यंत आली. "उद्या नाकातले केस टोचतील अशी थंडी येतेय. थंड हवा दाट असते, इंजिन जास्त जोर करतं. तुझा क्लच मी मऊ हवेत लावलाय. आत्ताच टोकाला दोन ग्रॅम वाढवून देते. ट्रक घेऊन आलायस ना? जा, घरून स्लेड घालून आण."

आणि नॉर्बर्ट सिप्पोला, ज्यानं आत्ताच दोन डोळ्यांनी बघितलं होतं, दोन कानांनी ऐकलं होतं, तो काय म्हणाला? म्हणाला, "नको बाई. रायनोनं स्वतः बघितल्याशिवाय नको."

खोटं एकोणीस ओळींचं असलं की एका दुपारच्या खऱ्यानं पुसलं जात नाही. लेम्पी मग म्हणाली, "तुझी मर्जी," आणि दार लावून घेतलं. दार लावलं म्हणजे चांगलंच लावलं.

शनिवारी तलाव काचेसारखा वाजत होता. थंडी इतकी, की तोंडातून निघालेला शब्द मिशीवर गोठावा. बर्फावर ट्रक उभे, एका टपरीतून मांस भरलेल्या पेस्टींचा वास, आणि रडारच्या खोपटात व्हर्न आहोला, हातात माईक घेऊन. व्हर्न क्लबाचा अध्यक्ष. बोलायला लागला की माईकलाही दम लागायचा.

नॉर्बर्ट पहिल्या फेरीला उभा राहिला. हिरवा बावटा पडला. स्लेडनं जी किंकाळी फोडली, ती ऐकून टपरीतली माणसं पेस्टी हातात घेऊन बाहेर आली. इंजिनाचा आवाज वर चढला, आणखी चढला, काठावरच्या झाडांवरून परत आला. लोक शिट्ट्या मारायला लागले. आता मोडतो शंभर! आता मोडतो!

डब्यावर आकडा आला. सत्त्याण्णव पूर्णांक चार.

नॉर्बर्ट परत आला तेव्हा त्याच्या हेल्मेटच्या काचेआडचा चेहरा बघवत नव्हता. इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणाऱ्या काट्यावर त्यानं पाहिलं होतं: इंजिन साडेआठ हजारांच्या जवळ गेलं होतं, आणि त्याचा जोर तर आठ हजार दोनशेला संपतो. लगेच भोवती पुरुषांची गर्दी झाली. सल्ला द्यायला पैसे पडत नाहीत.

"काय गातेय रे तुझी! अजून हलकी कर, अजून गाईल."

"पाकळ्या उतरव दोन-दोन ग्रॅमनं."

"वजन म्हणजे वजनच शेवटी. घोड्याच्या पाठीवरचं ओझं काढलं की घोडा पळतो."

व्हर्न खोपटातून चिठ्ठी आणि पेन्सिल घेऊन आला. दोन फेऱ्यांच्या मध्ये पंधरा मिनिटं मिळतात. तेवढ्यात चालवणाऱ्याखेरीज एकानंच क्लचला हात लावायचा. त्याचं नाव आधी चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठीवर जे नाव, तेच फळ्यावर.

"रायनो तर नाही," व्हर्न म्हणाला. "मी उघडू का? पाच मिनिटांत हलकी करून देतो."

तेवढ्यात गर्दीच्या मागे थर्मास दिसला. लेम्पी आली होती, एकटी, लोकरीची टोपी कानांवर ओढून.

"ये ये लेम्पी!" व्हर्न ओरडला. "कॉफी आणलीस ना? यांना घोटभर पाज, रडायला आलेत बिचारे."

माणसं हसली. नॉर्बर्टनं व्हर्नच्या हातून चिठ्ठी घेतली. लेम्पीजवळ जाऊन, आवाज खाली आणून, तो म्हणाला, "बाई, कालचं चुकलं माझं. तुम्ही लावा. मी रायनोचं नाव लिहितो, तुम्ही त्याच्या वतीनं..."

"रायनोचं नाव लिहिणार असशील तर रायनोलाच बोलाव," ती म्हणाली, आणि तिनं आवाज मुळीच खाली आणला नाही. "खाटेसकट आण. मी धरते एक बाजू."

आता हसायचं थांबलं. नॉर्बर्टच्या पाठीवर सगळ्यांचे डोळे. तिचं नाव लिहायचं म्हणजे अकरा वर्षांची भूक एका पोस्टातल्या बाईच्या तळव्यावर ठेवायची, आणि फसलं तर जन्मभर क्लबात तोंड दाखवायला जागा नाही. तिचं काय पणाला लागलंय, हे त्याला त्या क्षणी प्रथमच दिसलं. त्याचा एक आकडा होता. तिच्या एकोणीस ओळी होत्या, आणि एकातही ती नव्हती.

त्यानं स्लेडच्या सीटवर चिठ्ठी ठेवली आणि थंडीनं आखडलेल्या बोटांनी लिहिलं: लेम्पी कार्वाक्को.

"अरे, शुद्धीवर आहेस ना?" व्हर्न म्हणाला.

"घड्याळ लाव," लेम्पी म्हणाली.

तिनं थर्मास बर्फावर ठेवला आणि स्लेडचं झाकण उघडलं. पहिल्यांदा तिनं वजनाला हात लावलाच नाही. तबकडीवर मध्यापासून काठापर्यंत तिनं जाड पेनानं रेघ ओढून ठेवली होती, क्लच लावून सराव घेतल्यावर लगेच. पट्टा जिथवर चढतो तिथवर रेघ पुसली जाते. तिनं नॉर्बर्टला बोटानं दाखवलं. काठाजवळ बोटभर रेघ तशीच्या तशी काळी होती.

"तुझी स्लेड गात नव्हती. ओरडत होती. पट्टा वर चढलाच नाही. पाकळ्यांत तबकडी आवळायचा जोरच नाही, तर इंजिन बिचारं हवेत पाय झाडतंय."

मग तिनं कोटाच्या आतून, अगदी अंगालगतून, पोस्टाची लहान पाकिटं काढली. प्रत्येकावर पेन्सिलीनं एक आकडा. आत पितळी पेच, अंगाच्या उबेनं कोमट. गार असते तर बोटाला चिकटून कातडं घेऊन आले असते. तिनं पातळ हातमोज्यांची टोकं कापलेली होती. एका पाकळीच्या टोकाच्या भोकात पेच बसवला, क्लच हातानं फिरवला, दुसरी पाकळी, पुन्हा फिरवला, तिसरी. एकदाही मान वर केली नाही. बहात्तर वर्षांची बोटं, त्या थंडीत, शिवणकामाला बसल्यासारखी.

"वाढवतेय!" मागून कुणीतरी कुजबुजलं. "अरे, ही बाई वजन वाढवतेय!"

"पळायच्या आधी घोड्याला जेवायला घालतेय," दुसरा म्हणाला.

लेम्पीनं रेघ पुसून नवी ओढली, झाकण लावलं आणि कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली. "किती झाली?"

"अकरा मिनिटं," व्हर्न म्हणाला. नाइलाजानं म्हणाला.

"चार उरली. कॉफी कुणाला हवीय?"

कुणालाच नको होती.

नॉर्बर्ट बावट्याशी उभा राहिला. बावटा पडला, आणि सगळ्यांना आधी काय वाटलं, तर बिघडली. किंकाळी नाहीच. आवाज खालचा, भरलेला, एका सुरात बांधलेला. तो वर चढेना, खाली येईना. स्लेड मात्र बर्फावरून अशी निघाली, जणू तिला कुणी ढकलत नव्हतं, समोरून कुणी ओढून घेत होतं. नॉर्बर्ट नंतर सांगायचा, की आतून तर वेग कळलाच नाही. पाचशे फुटांनंतर दरवर्षी ती थकायची. यंदा थकायची जागा आली आणि गेली. काटा आठ हजार दोनशेवर खिळा मारल्यासारखा. काठावरची झाडं झाडं राहिली नाहीत, हिरवी भिंत झाली. पायाखालचा बर्फ गुणगुणायला लागला. आणि तो, एक्कावन्न वर्षांचा मान नसलेला माणूस, हेल्मेटच्या आत मोठ्यानं म्हणाला, "देवा रे, हे तिला कळलं होतं." पकड इतकी मऊ, इतकी पुरी होती, की त्याला आपण स्लेडवर नाही, कुणाच्या तरी तळहातावर बसलोय असं वाटलं.

काठावर कुणी शिटी मारली नाही. मारायचं सुचलंच नाही. मोठमोठी दाढीवाली माणसं तोंड उघडं ठेवून उभी होती, आणि त्यांच्या तोंडातून वाफ तेवढी निघत होती.

डब्यावर तीन आकडे आले. एकशे एक पूर्णांक एक.

मग जो गलका झाला त्यात माईक खरखरला. "एकशे एक पूर्णांक एक! तलावाच्या इतिहासात पहिल्यांदा! नॉर्बर्ट सिप्पोला! आणि क्लच, अर्थातच, आपल्या रायनो कार्वाक्कोचा!"

लेम्पी जागची हलली नाही. पण तिचा चेहरा असा मिटला, की जवळच्या दोघातिघांनी नजर बर्फात घातली.

नॉर्बर्ट परत येतच होता. लाउडस्पीकरचं ते वाक्य त्यानं हेल्मेट काढता काढता ऐकलं. स्लेड चालू ठेवूनच तो उतरला, खोपटाकडे गेला, आणि काचेवर मूठ आपटली. त्या माणसाला असं चिडलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"चिठ्ठी वाच!"

"अरे, सवयीनं गेलं तोंडातून..."

"तोंड तुझं आहे, सवयही तुझीच. चिठ्ठी वाच, व्हर्न. माईकवर."

दूर कुठंतरी बर्फाला तडा गेल्याचा आवाज आला. मग माईक पुन्हा खरखरला, आणि व्हर्न आहोला, जन्मात पहिल्यांदा, कमी शब्दांत बोलला.

"क्लच, लेम्पी कार्वाक्को."

ती एकदा हसली, बारीक, स्वतःशीच. नॉर्बर्ट तिच्याजवळ आला, दोनदा खाकरला, आणि क्लचचं झाकण उघडून दाखवलं. नवी रेघ अगदी काठापर्यंत पुसली गेली होती. तिनं वाकून बघितलं, बोट फिरवलं.

"अर्धा ग्रॅम अजून खपला असता," ती म्हणाली.

तेवढ्यात मागून खोकल्याचा आवाज आला. ड्वाइट हौताला उभा होता. नॉर्बर्टचा जुना वैरी, पहिल्या फेरीत अठ्ठ्याण्णव पूर्णांक नऊ, दुसरी फेरी अजून बाकी. घोड्याच्या ओझ्याची गोष्ट मघाशी सांगत होता तोच. आता टोपी हातात, आणि मान एवढी खाली की हनुवटी कोटात.

"लेम्पीबाई, जरा... माझीही बघता का?"

"नाव कुणाचं लिहिणार, ते आधी सांग."

ड्वाइटनं खिशातून चिठ्ठी काढली. नाव लिहून झालेलं होतं. तिनं वाचलं, नीट घडी घातली, त्याला परत दिली, आणि कोटाच्या आतली पाकिटं चाचपायला लागली.

"अहो बाई," नॉर्बर्ट कळवळून म्हणाला, "तो मला मागे टाकेल की! आजच, लगेच!"

"टाकू दे," लेम्पी म्हणाली, आणि ड्वाइटच्या स्लेडचं झाकण उघडलं. "शेवटचा रकाना माझाच राहतोय."